कोल्हापूरहून दूधसागरचा जुना रेल्वेघाट: एका दिवसाचं गणित

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच मोठी माणसं, वय अडतीस ते सत्तावन्न, सोबत तेरा वर्षांचा मुलगा. कोल्हापुरातून पहाटे स्वतःची गाडी काढायची, कॅसलरॉक स्टेशनला लावायची, तिथून रुळांवरून चालत बोगदे बघत दूधसागर धबधबा गाठायचा आणि रात्री घरी यायचं. मुलाला रेल्वेचं वेड आहे, म्हणून जुना घाट त्याला पायी दाखवायचा आहे. जमेल का?

रुळांवरून जमणार नाही. जंगलातून जमेल. तुम्ही वाट विचारली आहे, पण तुमची खरी अडचण दोन गोष्टींची आहे: पाय ठेवायला कायद्याने कुठे परवानगी आहे, आणि सूर्य मावळायच्या आत तुमच्या गटाचं किती चालून होतं. या दोन्हींची उत्तरं मिळाली की वाट आपोआप ठरते.

आधी रुळांचा विषय संपवू. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जुलै २०२३ मध्ये दूधसागरला रुळांवर उतरलेल्या शेकडो लोकांना रेल्वे पोलिसांनी अडवलं होतं. दूधसागर नावाचं स्टेशन वेळापत्रकात दिसतं, पण तो गाड्यांच्या तांत्रिक कामाचा थांबा आहे, प्रवाशांनी उतरायचा नाही. ‘गाडी थांबली की पटकन उतरू’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

कायदा बाजूला ठेवला तरी ही वाट मुलाला घेऊन चालण्यासारखी नाही. या घाटाला ब्रागांझा घाट म्हणतात, त्याचा चढ सदतीसला एक आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. रूळ सतत वळणं घेतात, त्यामुळे पुढचं फार लांबचं दिसत नाही. धबधब्याजवळ पाण्याच्या आवाजात हॉर्न विरून जातो. चढणारी गाडी इंजिनाच्या धापेमुळे लांबूनही कळते, पण उतरणारी मालगाडी ब्रेक धरून सावकाश येते आणि बोगद्याच्या तोंडाशी अचानक समोर उभी राहते. पायाखाली सुटी खडी आणि ओले स्लीपर असतात, घोटा मुरगळायला तेवढं पुरतं. असा घोटा बोगद्यात मुरगळला तर माणसाला बाजूला घ्यायला जागा शोधावी लागते.

मुलाला सांगता येईल असा इतिहास मात्र भरपूर आहे. १८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला आणि मुरगाव बंदर ब्रिटिश हद्दीतल्या रेल्वेला जोडायचं ठरलं. पोर्तुगीज हद्दीतला मार्ग वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेने बांधला आणि १८८८ मध्ये तो घाट चढून सरहद्दीला भिडला. वरच्या बाजूने सदर्न मराठा रेल्वे येत होती. कॅसलरॉक हे सरहद्दीचं स्टेशन. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत तिथे माल आणि माणसं तपासली जात. आपली कोल्हापूर–मिरज रेल्वे १८९१ ची, म्हणजे या घाटापेक्षा तीन वर्षांनी धाकटी. दोन्ही मीटरगेज, रुळांत एक मीटरचं अंतर. घाटातले रूळ १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाले, म्हणजे १ मीटर ६७६ मिलिमीटर. नकाशावर वळणं बघितली की मुलाला मीटरगेज का निवडलं ते कळेल. अरुंद गेजला डोंगराच्या कुशीतून तीव्र वळण घेता येतं, तासायचा खडक आणि बोगद्याचा घेर दोन्ही कमी लागतात. घाटाचं अंतर साधारण २६ किलोमीटर. दुसरा रूळ टाकायच्या प्रस्तावाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. हे जंगल किती मोलाचं आहे हे त्यावरून समजावं, आणि तिथले वनरक्षक कडक वागतात ते योग्यच आहे.

आता वाट. घाट वरून उतरण्याऐवजी खालून बघायचा. गोव्याच्या बाजूला कुळे स्टेशन आहे. तिथून भगवान महावीर अभयारण्यातून जीपचा कच्चा रस्ता दूधसागरच्या पायथ्याशी जातो. एका बाजूचं अंतर १० ते १२ किलोमीटर, वाटेत नदी-ओढ्यांची उतारं (पाण्यात उतरून पार करायच्या जागा), आणि जीप थांबते तिथून शेवटचा सुमारे एक किलोमीटर दगडधोंड्यांतून पायी. पायथ्याच्या डोहाशी उभं राहून वर पाहिलं की ३१० मीटरच्या धबधब्याच्या मधोमध रेल्वेचा पूल आडवा दिसतो. पुलावर उभ्या राहिलेल्याला पूल दिसत नाही. घाट कसा बांधला हे समजून घ्यायला खालची जागाच उत्तम. आठ पट दाखवणारी साधी दुर्बीण न्या, पुलाचं दगडी बांधकाम आणि त्यावरून जाणारी गाडी नीट दिसते. धबधबा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी तो सावलीत असतो. फोटो हवे असतील तर दुपारी साडेबारानंतर.

पायी जायला परवानगी मिळेल का, हे हंगामावर आणि वनखात्याच्या त्या वर्षीच्या आदेशावर आहे. जीप साधारण ऑक्टोबर ते मे चालतात. पावसाळ्यात कधी सगळं बंद असतं, कधी फक्त नोंदणी करून गाईडसोबत सोडतात. म्हणून निघायच्या आठवड्यात मोले किंवा कुळे इथल्या वनखात्याच्या नाक्यावर फोन करून नेमके तीन प्रश्न विचारा: पायी प्रवेश आहे का, गाईड सक्तीचा आहे का, आणि फाटक किती वाजता उघडतं व शेवटचा माणूस किती वाजता बाहेर यायला हवा. तिसरं उत्तर लिहून घ्या, सगळा दिवस त्याच्यावर बेतायचा आहे. एखाद्याने गेल्या वर्षी सांगितलेल्या अनुभवावर विसंबू नका.

वेळेचा हिशेब करू. मोकळ्या रस्त्यावर धडधाकट माणूस ताशी चार किलोमीटर चालतो. तुमच्या गटात सत्तावन्न वर्षांचे गृहस्थ आहेत आणि तेरा वर्षांचा मुलगा आहे, रस्ता लाल मातीचा आणि चाकोऱ्यांचा. ताशी तीन धरा. ११ किलोमीटरला पावणेचार तास. प्रत्येक उताराला बूट सांभाळत, एकमेकांना धरत पंधरा मिनिटं जातात, तीन उतारांचा पाऊण तास. विसाव्याला अर्धा तास. झाले पाच तास. परतीलाही तेवढेच. दहा तासांची चाल मध्यम ट्रेक म्हणवत नाही, आणि नोव्हेंबरात सहाला अंधारतं. म्हणून दोन्ही बाजूंनी पायी हा पर्याय तुमच्यासाठी नाही.

मी तुमच्या जागी असतो तर जाताना पायी आणि येताना जीप असं ठरवलं असतं. एक अट आहे. जीप परतीच्या बोलीनेच ठरते, ज्या जीपने गेलात तिनेच यायचं. त्यामुळे ‘वर कुठलीतरी रिकामी जागा मिळेल’ या भरवशावर चालायला लागू नका. आदल्या दिवशी गाईडमार्फत जीपवाल्यांशी बोलून सहा जणांची परतीची सोय आणि वेळ पक्की करा, पूर्ण फेरीचे पैसे पडले तरी द्या. पायी प्रवेश नसेल तर दोन्ही बाजूंनी जीप घ्या. चालणं शेवटच्या किलोमीटरपुरतं उरेल, पण त्या टप्प्यातही ओले धोंडे आणि मुळं आहेत. तेवढंही मुलाला पुरतं.

महिना कुठला? ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबरचा मध्य. तेव्हा धबधब्याला पाणी असतं, उतारं आवाक्यात आलेली असतात, जळवा कमी होतात आणि गोचिडींचा मुख्य हंगाम नुकता सुरू होत असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुलाला घेऊन जाऊ नका. फेब्रुवारीनंतर पाणी आटतं आणि उकाडा वाढतो.

कोल्हापूरहून कसं जायचं, इथे तुमच्या बेतात मला सर्वांत मोठी चूक दिसते. बेळगाव ११० किलोमीटर, पुढे खानापूर, रामनगर, अनमोड घाट, मोले, कुळे. सगळं मिळून दोनशेच्या वर किलोमीटर, पाच तास धरा. म्हणजे ज्याने पहाटे तीनला गाडी काढली, तो दिवसभर जंगलात चालून पुन्हा रात्री अनमोड घाट आणि पुढे महामार्ग चालवणार. या सहलीतला खरा धोका सापाचा किंवा गव्याचा नाही, झापड आलेल्या चालकाचा आहे. स्वतःच्या गाडीनेच जायचं असेल तर आदल्या रात्री मोले किंवा कुळ्याला मुक्काम करा आणि परतीला वेगळा चालक ठेवा. रामनगर ते अनमोड रस्त्याची अवस्था निघायच्या आधी विचारून घ्या.

तुमच्या मुलासाठी याहून चांगला मार्ग रेल्वेचा आहे. निजामुद्दीन–वास्को गोवा एक्स्प्रेस रात्री मिरजेहून बेळगाव, लोंढा करत घाट उतरते आणि पहाटेच्या आधी कुळ्याच्या बाजूला पोचते. परतीची गाडी दुपारी वास्कोहून निघून संध्याकाळी त्याच घाटाने वर चढते. म्हणजे जाताना रात्री बर्थवर झोप आणि येताना उजेडात सगळा घाट, बोगदे, दूधसागरचा पूल. पायथ्यावरून ज्या पुलाकडे मान वर करून पाहिलं, त्याच पुलावरून चार तासांनी मुलगा जाईल. रुळांवर चालून जे बघायचं होतं ते सगळं तिकिटात बसतं. थांबे आणि वेळा आरक्षण करताना पुन्हा तपासा, पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं. डिसेंबरात गाडीला तासभर उशीर झाला तर घाट अंधारात जातो, हे मनात धरून चला. दारात उभं राहू नका, बोगद्यांच्या भिंती डब्याला फार जवळून जातात. मिरजेला रात्री उतरल्यावर कोल्हापूरपर्यंतच्या ४८ किलोमीटरसाठी गाडी आधीच सांगून ठेवा.

कुळे स्टेशनवर गाडीच्या अर्धा तास आधी पोचा आणि मुलाला फलाटाच्या मागच्या टोकाला न्या. घाट चढणाऱ्या गाडीला तिथे मागून बँकर इंजिनं लागतात. इंजिन अगदी हळू सरकत डब्याला टेकतं, कपलिंग खणकन बसतं, माणूस खाली वाकून जोडणी बघतो आणि हवेच्या ब्रेकचा फुस्स आवाज येतो. पुढच्या चालकाने शिट्टी दिली की मागून उत्तर येतं, मग दोन्ही टोकांनी एकदम जोर लागतो. बँकर का लागतात, हेही त्याला समजावा. सगळी ओढ पुढूनच लावली तर एवढ्या चढावर डब्यांमधल्या जोडण्यांवर असह्य ताण येतो, मागून रेटा मिळाला की तो ताण वाटला जातो आणि जोडणी तुटलीच तर मागचे डबे घरंगळत नाहीत.

दिवस असा बसवा. फाटक आठला उघडतं असं धरू. आठला चालायला सुरुवात. अकरापर्यंत निम्मं अंतर व्हायला हवं. झालं नसेल तर तिथेच थांबून गाईडला सांगून पुढचा टप्पा ठरवलेल्या जीपने करा, ‘आता थोडंच राहिलं’ असं म्हणत रेटू नका. एकच्या सुमारास पायथा, जेवण आणि पुलाकडे बघत बसायला पाऊण तास, दोनला उठायचं म्हणजे उठायचं. तीनपर्यंत कुळे. गाडीआधी दीड तास मोकळा राहतो, आणि जंगलात काही अडलं तर तो तिथे खर्ची पडतो.

पाणी ओलांडण्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माणसं इथेच वाहून जातात. कुळ्यात ऊन असलं तरी वर कॅसलरॉकच्या बाजूला पाऊस पडला की खालचा ओढा चढतो. पहिल्या उताराशी पोचलात की काठावर पाण्याच्या रेषेला एक काटकी रोवा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. काटकी बुडाली तर परत फिरा. पाणी गढूळ असेल, त्यातून फांद्या वाहत असतील किंवा तळाशी दगड घरंगळल्याचा आवाज येत असेल तर उतरायचंच नाही. वाहतं पाणी मोठ्यांच्या गुडघ्यापर्यंत ठीक. मांडीला लागलं आणि ओढ असली तर नाही, मुलासाठी तर मुळीच नाही. ओढा अरुंद दिसतो तिथे तो खोल आणि वेगाचा असतो, रुंद पसरून खळखळतो तिथून ओलांडा. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर पिशवी टाकता येईल. बूट काढू नका, अनवाणी पाय दगडांत अडकतो. तोंड वरच्या प्रवाहाकडे, काठी पुढे, पाय फरफटवत टेकवायचे. तिघांनी एकमेकांचे खांदे धरून जायचं, सर्वांत दणकट माणूस वरच्या बाजूला, मुलगा मध्ये.

पायथ्याच्या डोहात पोहण्याचा मोह होईल. लाइफ जॅकेट आणि जीवरक्षक असतील आणि त्यांनी हद्द दाखवली असेल तरच, तेवढ्यातच. पडत्या पाण्याजवळ तळातून ओढ असते आणि खडकांवर शेवाळ असतं.

सामान माणशी सांगतो. तीन लिटर पाणी, त्यातलं एक लिटर परतीच्या वाटेसाठी. ओआरएसच्या दोन पुड्या, कारण तिथला दमटपणा कोल्हापूरच्या माणसाला लवकर थकवतो. दशम्या किंवा धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे. भडंग न्यायचं तर डब्यात. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की तिथली माकडं ती ओढतात आणि चावतातही. खायचं सगळं पिशवीच्या आत आणि चेन बंद. खोल रबरी ठशांचे बूट, आठवडाभर आधी वापरून रुळलेले. सँडल चालणार नाही. जास्तीचे मोज्यांचे दोन जोड, शिट्टी, टॉर्च, बँडेजची रुंद पट्टी, पातळ रेनकोट. जंगलात मोबाइलची रेंज मध्ये मध्ये जाते, म्हणून परत कधी येणार ते घरी आणि जीपवाल्यांकडे सांगून ठेवा.

जळवांना मीठ किंवा ओली तंबाखू लावली की सुटतात. ओढून काढू नका, चटकाही देऊ नका. मोज्यांवर आधीच साबण घासला तर त्या कमी चढतात. गव्याची तुम्हाला दाजीपूर अभयारण्यामुळे ओळख असेलच: दिसला तर थांबा, त्याला जायला बाजू मोकळी ठेवा, फोटोसाठी पुढे जाऊ नका. या पट्ट्यात चापडा, फुरसं, घोणस, नागही आहेत. हात कुठल्या फांदीवर किंवा दगडाच्या सांदीत जातो ते बघून ठेवा. दंश झालाच तर आवळपट्टी बांधू नका, चिरू नका. हातपाय हलणार नाही असा बांधून माणसाला उचलून जीपपर्यंत आणा, १०८ ला फोन करा आणि गोव्यातल्या फोंड्याच्या रुग्णालयाकडे निघा.

गोचिडींकडे लोक दुर्लक्ष करतात, तुम्ही करू नका. गोवा, सिंधुदुर्गातलं दोडामार्ग आणि कर्नाटकातले घाट या पट्ट्यात माकडतापाचे, म्हणजे क्यासनूर जंगल तापाचे रुग्ण सापडलेले आहेत. तो ताप गोचीड चावल्याने होतो आणि डिसेंबरपासून उन्हाळाभर त्याचं प्रमाण वाढतं. पूर्ण बाह्यांचे फिके कपडे घाला म्हणजे गोचीड दिसते, पँट मोज्यात खोचा, उघड्या त्वचेवर डीईईटी असलेलं मलम किंवा डीएमपी तेल लावा. पाचोळ्यात बसू नका, लोळू नका. मेलेलं माकड दिसलं तर लांबून जा आणि नाक्यावर सांगा. कुळ्याला परतल्यावर गाडीत चढण्याआधी कपडे बदला. काखा, जांघा, कानामागे, कमरेचा पट्टा, मुलाचे केस नीट बघा. गोचीड चिकटलेली असेल तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका. घरी कपडे गरम पाण्यात. आठ-दहा दिवसांत कुणाला एकदम जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना आधी हेच सांगा की आम्ही दूधसागरच्या जंगलात चाललो होतो. कोल्हापुरात बसलेल्या डॉक्टरला ते तुम्ही सांगितल्याशिवाय सुचणार नाही.

मुलाच्या वयाबद्दल तुम्ही वेगळं विचारलं होतं. तेरा वर्षांचा, रोज शाळेत खेळणारा मुलगा ११ किलोमीटर आरामात चालेल. शंका मला सत्तावन्न वर्षांच्या गृहस्थांच्या गुडघ्यांची आहे. निघण्याआधीच्या तीन रविवारी त्यांना सोबत घेऊन पन्हाळ्याला जा. पायथ्यापासून पायवाटेने चढून, तासाभराने उतरून या, पाठीवर तीन लिटर पाण्याची पिशवी ठेवूनच. तिसऱ्या रविवारी उतरताना गुडघा दुखला किंवा दुसऱ्या दिवशी जिना उतरवेना, तर त्यांच्यासाठी दोन्ही बाजूंनी जीप सांगा. बाकीचे चालत या, ते पायथ्याशी तुमची वाट बघतील.